नववीचा प्रवेश : पालकांच्या पात्रतेविषयी काही विचार

बदलीवर बडोद्यात येणाऱ्या कुटुंबाने आधी घर शोधावे की आधी शाळा, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार मराठीत अद्याप झालेला नाही, आणि त्याची फळे वाघोडिया रोडला घर व कलालीला शाळा अशा अवस्थेतली कित्येक कुटुंबे रोज भल्या सकाळी भोगत असतात. तेल व वायू महामंडळ, कोयलीची रिफायनरी, रेल्वेचे विभागीय कार्यालय, सावलीचा मेट्रोडब्यांचा कारखाना आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेला टाटा-एअरबसचा विमानजुळणी कारखाना यांच्या कृपेने या शहरात नवी माणसे सतत येत राहतात, आणि त्यांतल्या मराठी माणसाची अशी समजूत असते की गायकवाडांच्या राजधानीत आपल्याला कोणी परके मानणार नाही. ही समजूत रावपुरा आणि दांडिया बाजार या जुन्या मराठी वस्त्यांपुरती बरीचशी खरी आहे; शाळेच्या प्रवेश कार्यालयाला मात्र गायकवाडी इतिहासाचे वावडे नसले तरी त्याचा उपयोगही नसतो, कारण अर्जात त्यासाठी रकाना नाही.

अनुभवी बदलीदारांमध्ये मान्य झालेला क्रम असा की आधी शाळा हेरली जाते, मग तिच्या बसचा मार्ग मिळवला जातो, मग त्या मार्गावरच्या एखाद्या थांब्यापर्यंत मूल दप्तरासह चालू शकेल इतक्या अंतरात घर पाहिले जाते, आणि ज्या नोकरीसाठी हे सारे चालले आहे तिचे ठिकाण तेथून किती लांब पडते याची चौकशी बहुधा टेम्पोतून सामान उतरवून झाल्यावर होते. या क्रमात एकच अडचण आहे. शाळेला प्रवेशापूर्वी स्थानिक पत्त्याचा पुरावा, म्हणजे लाइट बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि शहाणा माणूस शाळा पक्की झाल्याशिवाय भाडेकरारावर सही करत नाही. हा पेच सोडवण्याची रूढ पद्धत अशी की शहरात आधीपासून राहणाऱ्या आत्याचा पत्ता दिला जातो, आणि त्यामुळे एखाद्या आत्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कागदोपत्री पाच-सहा शाळकरी मुले नांदत असतात. पुढे खरे घर पाहण्याची वेळ आली की घरमालकही चौकशीत कमी पडत नाही; घरात काय शिजते हे तो आधी विचारतो, भाडे नंतर सांगतो. माणसाची पदवी पाहण्याआधी इतर गोष्टी पाहण्याचा सराव या शहराला जुना आहे : संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना येथे राहायला जागा मिळू दिली गेली नव्हती, आणि ज्या सयाजीबागेत त्यांनी त्यानंतरचे तास काढले तेथे आता संकल्पभूमी आहे.

आत्याकडून पत्त्याबरोबर सल्लाही मिळतो, आणि तो नाकारण्याची सोय नसते. जुन्या बडोदेकर मराठी घरात प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाची एक शाळा असते. ती त्याने स्वतः १९७० च्या आगेमागे सोडलेली असते, आणि आपण बाहेर पडलो त्या दिवशी ती जशी होती तशीच ती आजही आहे, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. काका विद्यापीठाच्या एक्स्पेरिमेंटल स्कूलचे नाव घेतात, काकू कॉन्व्हेंटचे, शेजारचे भाऊसाहेब रोझरीच्या शिस्तीविषयी बोलू लागतात, आणि या वादात सगळ्यांच्या ताटल्यांतली शेव-उसळ गार होते. तरुण चुलतभाऊ यांपैकी कोणाचेच न ऐकता 'बोर्ड कोणते हवे' एवढेच विचारतो, कारण त्याच्या मते शाळा ही बोर्डाची केवळ स्थानिक शाखा असते : गुजरात बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई, आणि त्यांच्या पलीकडे, फीचा आकडा फोनवर सांगता येत नसल्याने प्रत्यक्ष येऊन भेटा असे ज्यांच्याकडून सांगण्यात येते, ती आंतरराष्ट्रीय बोर्डे.

या विवेचनात 'निवडक शाळा' ही संज्ञा आलेल्या अर्जांतून मुले निवडून घेणारी शाळा या अर्थाने वापरली आहे. शाळा आपण निवडली असे मानणाऱ्या पालकांची संख्या मोठी असली तरी त्यांच्या श्रद्धेचा विचार येथे कर्तव्य नाही. अशा निवडीविषयी कायदा काय म्हणतो हे मात्र पाहण्यासारखे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना कोणत्याही शाळेला देणगी घेता येत नाही, आणि मुलाला किंवा त्याच्या आईवडिलांना कसलीही चाळणी लावता येत नाही. चाळणी म्हणजे एका मुलाला दुसऱ्यापेक्षा अधिक पसंती देणारी, सोडतीखेरीज कोणतीही पद्धत, असे त्याच कायद्यात आधी स्पष्ट करून ठेवले आहे. चाळणीचा हा नियम मोडल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. आईवडिलांचा असा स्वतंत्र उल्लेख झालेला पाहून, कलमाचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः कधीतरी दिल्लीतल्या एखाद्या शाळेच्या बाकावर पाळी येण्याची वाट पाहिली असावी, असे अनुमान काढण्याचा मोह होतो.

कायदा इतका स्पष्ट असल्यामुळे मुलाखत बंद पडली आणि तिच्या जागी 'इंटरॅक्शन' आले. इंटरॅक्शन म्हणजे शाळेने आईवडिलांशी मोकळेपणाने मारलेल्या अनौपचारिक गप्पा, ज्या गप्पांच्या वेळी एक बाई कोपऱ्यात बसून छापील तक्त्यावर खुणा करत असतात. मुलाखतीत उमेदवार नापास होत असे. इंटरॅक्शनमध्ये जागा भरलेल्या असतात, एवढाच दोहोंत फरक. आईला नोकरी आहे का, या प्रश्नाची होकारार्थी आणि नकारार्थी अशी दोन्ही उत्तरे तिच्या विरुद्ध जातात, कारण पहिल्यात मुलाकडे लक्ष द्यायला वेळ नसतो आणि दुसऱ्यात लक्ष देण्याइतके शिक्षण नसावे अशी शंका घेतली जाते. वडिलांचा प्रश्न सोपा असतो. त्यांना कंपनीचे नाव तेवढे विचारतात. येथे एक योगायोग नोंदवून ठेवायला हवा की गुजरातच्या २०१७ च्या फीनियंत्रण कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित माध्यमिक शाळांसाठी जी वार्षिक मर्यादा घातली, आणि जिच्यावर जायचे असल्यास शाळेने हिशेब घेऊन समितीपुढे उभे राहायचे, तीही २५,००० रुपयांचीच होती. चाळणी लावल्याचा पहिला दंड आणि माध्यमिक शाळेतल्या एका मुलाची वर्षाची फी अशा प्रकारे तंतोतंत जुळत असल्याने, शाळेच्या लेखापालाला हा कायदा समजायला जड जात नाही.

चाळणीवरची ही बंदी आठवीपर्यंत. शिक्षणहक्काच्या कायद्यातले 'मूल' सहा ते चौदा वर्षांचे आणि त्याचे शिक्षण आठवीअखेर संपणारे असल्यामुळे नववीच्या दारात कायदा मुलाचा हात सोडतो, आणि तेथून पुढे शाळेला उघडपणे परीक्षा घेता येते. ही परीक्षा बहुधा शनिवारी असते. मुले आत वर्गात जातात आणि पालक व्हरांड्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात. प्रत्येक बापाच्या मांडीवर बटणाची पारदर्शक फाइल असते, तिच्यातले वरचे पान, म्हणजे बदलीचा आदेश, बाहेरून दिसावे असे लावलेले असते, आणि प्रत्येक आई शेजारणीच्या फाइलची जाडी डोळ्यांनी मोजत असते. घंटा झाल्यावर मुले बाहेर येतात, त्या वेळी त्यांना पाणी आधी विचारले जात नाही. पुण्याहून किंवा जळगावहून आलेल्या मुलाची यात विशेष गंमत होते, कारण ते बहुधा 'सेमी इंग्रजी'त शिकलेले असते. सेमी इंग्रजी म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकवण्याची महाराष्ट्रातली तडजोड. महाराष्ट्रात तिच्यामुळे इंग्रजी आणि मराठी दोन्ही पक्षांचे समाधान झाले असले, तरी बडोद्यातल्या प्रवेश कार्यालयातल्या संगणकात 'माध्यम' या रकान्यापुढे तिचा पर्याय नसतो. तेव्हा मुलाला एक तर पूर्ण इंग्रजी किंवा पूर्ण मराठी व्हावे लागते, आणि कारकून बाईंनी कोणते बटण दाबले यावर ते ठरते.

परीक्षेतून निवडलेल्या मुलांना शाळा दोन वर्षांत काय शिकवते, हा प्रश्न शिष्टाचाराला धरून नसल्यामुळे तो व्हरांड्यात कोणी विचारत नाही. तथापि तो येथे विचारणे भाग आहे. आठवीत नव्वद टक्के असलेलीच मुले आत घ्यायची, आणि दहावीत त्यांना नव्वद टक्के मिळाले की त्यांची छायाचित्रे चौकात लावायची, या व्यवहारात शाळेचा वाटा नेमका किती हे काढण्याची रीत कोणत्याही बोर्डाने बसवलेली नाही. काटेकोरपणे बोलायचे तर शाळेने मुलांना दोन वर्षे बिघडू दिले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि तेही कधीकधी घरच्यांनी रात्री जागून घेतलेल्या उजळणीमुळे. पंचेचाळीस टक्क्यांच्या मुलाला सत्तरवर नेणारी शाळा शहरात असेलही, पण तिच्या फलकावर काय छापायचे हे अद्याप कोणाला सुचलेले नाही, आणि नव्याने आलेल्या पालकाला तिचा पत्ता सांगणारी आत्याही भेटत नाही. निवड हा शिकवण्याला सापडलेला सर्वांत स्वस्त पर्याय आहे. त्यासाठी शिक्षक लागत नाही, पर्यवेक्षक पुरतो.

सरकारने चालवलेल्या निवडक शाळांची रीत निराळी आणि एका अर्थी अधिक प्रामाणिक आहे. केंद्रीय विद्यालये ही १९६३ पासून बदलीच्या केंद्रीय नोकरदारांच्या मुलांसाठी निघालेली शाळांची साखळी असल्यामुळे तेथे गुणवत्ता मोजण्याचे एकक म्हणजे वडिलांची किंवा आईची बदली. गेल्या सात वर्षांत ज्याच्या बदल्या अधिक त्याच्या मुलाचा क्रम वर, असा नियम आहे, आणि कोणी लबाडी करू नये म्हणून बदलीची व्याख्याही केली आहे : वीस किलोमीटरहून कमी अंतरावरची बदली ही बदली नव्हे, आणि जेथे सहा महिनेही मुक्काम झाला नाही तो मुक्काम नव्हे. ज्या साहेबाने मंत्रालयात ओळखी लावून दहा वर्षे एकाच खुर्चीत काढली त्याचा मुलगा येथे मागे पडतो, आणि ज्या गरिबाला दर दोन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घ्यावे लागले त्याचा मुलगा पुढे जातो, हा न्याय इतर कोणत्याही सरकारी खात्यात आढळत नाही. नववीला मात्र बाहेरून येणाऱ्याची शंभर गुणांची परीक्षा असते आणि तेहतीस गुणांची अट असते. एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात बदलीने येणाऱ्याला तीही नाही. जवाहर नवोदय विद्यालयांची निवड तर खरोखरच परीक्षेने होते, राहणे-जेवणे सरकारचे असते, पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. पण अर्जदार त्याच जिल्ह्यात राहणारा आणि शिकणारा असावा लागत असल्यामुळे नुकत्याच आलेल्या कुटुंबाला त्यांचे कौतुक दुरूनच करावे लागते.

कागदपत्रांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण प्रवेशाचा खरा अभ्यासक्रम तोच. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर पहिल्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, जन्मदाखला, आधार, गुणपत्रके, बदलीचा आदेश, आणि जेथे लागू असेल तेथे जातीचा दाखला, जो महाराष्ट्राचा असल्यामुळे गुजरातेत चालत नाही असे खिडकीतून सांगण्यात येते. एवढ्यावर बहुतेक पालक पहिल्या फेरीत बाद होतात. सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता कायदा असा आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मागितल्यावर तो ताबडतोब द्यायचा असतो. परंतु पालक ज्या शाळांच्या मागे असतात त्या सरकारीही नसतात आणि अनुदानितही नसतात. भाषेच्या बाबतीत कायदा उलट कडक आहे. २०२३ च्या गुजरात कायद्याने पहिली ते आठवी, बोर्ड कोणतेही असो, गुजराती शिकवणे शाळांना बंधनकारक केल्यामुळे एकाच घरातला पाचवीतला धाकटा गुजराती बाराखडी गिरवतो आणि नववीतला थोरला त्यातून सुटतो. वर्षभरात धाकटा रिक्षावाल्याशी भाडे ठरवू लागतो, आणि थोरला, ज्याला प्रवेश मिळवून देण्यासाठी सारे कुटुंब झिजले, तो त्याच्यामागे मुकाट्याने उभा राहतो.

निवडीच्या बाबतीत बडोद्याची परंपरा मोठी आहे. शहरातली सर्वांत गाजलेली प्रवेशमुलाखत १८७५ साली झाली. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायचा होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून मुले आणण्यात आली, येथे कशासाठी आलात असे त्यांना विचारण्यात आले, आणि बारा वर्षांच्या गोपाळने राज्य करायला आलो असे सांगितले, अशी आख्यायिका आहे. उमेदवार ग्रामीण, इंग्रजीचा गंध नाही, लिहिता-वाचताही येत नव्हते, आणि पूर्वीच्या शाळेचा दाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या इंटरॅक्शनमध्ये त्याचे नाव प्रतीक्षायादीतही लागले नसते. हा मुलगा पुढे सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसला, आणि त्याने १८९३ साली अमरेलीत व १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ज्याने मूल शाळेत पाठवले नाही त्या पालकाला त्या काळी दंड होत असे. कुठलीही चाळणी न लावता सरसकट सगळ्यांना आत ओढणारी ती शाळा होती, आणि तिच्यापासून पळणाऱ्या पालकाला राज्याचे शिपाई शोधत. आता त्याच शहरात पालक शाळेला शोधतो आणि शाळेचे शिपाई त्याला फाटकाबाहेर थांबवतात. दोन्ही वेळी पैसे पालकच भरतो, या बाबतीत मात्र शंभर वर्षांत सातत्य राहिले आहे.

चांगल्या शाळेसाठी गाव बदलून बडोद्यात आलेल्यांचे अनुभवही तपासण्यासारखे आहेत. वल्लभभाई पटेल मॅट्रिकसाठी नडियादहून बडोदा हायस्कूलमध्ये आले ते येथे शिक्षण अधिक चांगले मिळेल म्हणूनच. संस्कृत सोडून गुजराती घेतल्यावरून त्यांचे मास्तरांशी वाजले, आणखीही खटके उडाले, आणि ते नडियादला परतून तेथूनच १८९७ साली मॅट्रिक झाले. नावाजलेली शाळा सोडून आपल्या जुन्या शाळेत परत जाण्याचा हा पर्याय कोणत्याही समुपदेशकाच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो. गागोद्याहून बडोद्याला वडिलांकडे आलेल्या विनायक नरहर भावे यांच्या बाबतीत तर घरातच दोन मते होती : मुलाने फ्रेंच घ्यावे असे वडिलांना वाटे, संस्कृत घ्यावे असे आईला. मुलाने फ्रेंच घेतले, १९१३ साली मॅट्रिक केली, आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसून सुरतेला उतरून तो काशीला गेला. दाखले त्याने जाळून टाकले होते. विनोबांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, परंतु प्रवेशखिडकीच्या दृष्टीने पाहता मूळ प्रत नसल्यामुळे त्यांचा अर्ज अपूर्णच राहिला असता.

आता राहिली अकरावी. एवढ्या खटपटीने मिळवलेली शाळा विज्ञान शाखेच्या मुलासाठी साधारण दोन वर्षे टिकते, कारण त्यानंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षांसाठी त्याला क्लासमध्ये घालायचे असते, आणि क्लास व शाळा या दोन्हींना सकाळच हवी असल्यामुळे 'डमी' नावाची व्यवस्था अस्तित्वात आली आहे. डमी शाळा म्हणजे जेथे मुलाचे नाव, फी आणि हजेरी असते आणि मूल नसते अशी शाळा. सीबीएसईने तिच्याविरुद्ध वेळोवेळी इशारे दिले असले, तरी मुलाच्या अनुपस्थितीत मुलाची उपस्थिती लावण्याचे कसब शाळांनी टिकवून धरले आहे. क्लासही परीक्षा घेऊनच प्रवेश देतो. तिला तो शिष्यवृत्ती परीक्षा म्हणतो, आणि तिच्यात कोणी नापास होत नाही, फीतली सवलत तेवढी कमीजास्त होते. बारावीचा निकाल लागला की एकाच मुलाचे छायाचित्र चौकातल्या दोन फलकांवर झळकते, एकात गळ्यात टाय असतो आणि दुसऱ्यात टी-शर्टावर क्लासचे नाव असते, आणि दोन्ही संस्थांच्या कचेऱ्यांत त्याच्या गुणांवर मालकी कोणाची याबद्दल फोनाफोनी चालते. मुलगा त्या दिवशी बडोद्यात नसतो. कॉलेजच्या प्रवेशासाठी पहिल्या दाखल्याची दुसरी प्रत लागल्यामुळे, भागाकारापासून भूमितीपर्यंत सारे जेथे शिकला त्या जळगावच्या अनुदानित शाळेत तो गेलेला असतो, आणि तेथले मुख्याध्यापक जुने रजिस्टर काढून, शिक्का उमटत नाही म्हणून पॅडमध्ये शाई घालून, कोणतेही इंटरॅक्शन न करता ती प्रत त्याला देतात.